जळके ऑईल कुलुपात का ठेवले?



ऊस नोंदीच्या कामासाठी आम्ही घोटीच्या गट कार्यालयात बसलो होतो. नोंदी आटोपल्या, चहा आला, आणि मग नेहमीप्रमाणे खऱ्या गप्पांना सुरुवात झाली. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "भाऊसाहेब, राग मानू नका, पण एक विचारतो. कारखान्याच्या मशिनरीचं जळकं ऑईल आम्हाला पूर्वी मागितलं की मिळायचं. गाडीच्या आसाला, कुंपणाच्या खांबांना, गोठ्याच्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून डबाभर न्यायचो. आता म्हणे ते कुलुपात! वर पिवळी चिठ्ठी, लाल अक्षरं – घातक कचरा. शेअर आमचा, ऊस आमचा, आणि ऑईल तेवढं सरकारचं?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण तेवढ्यात कोपऱ्यात बसलेले दुसरे एक सभासद हळूच म्हणाले, "माझंबी त्यातलंच हाय. हायवेला लागून माझी जुनी भातगिरणी बंद पडून आहे. एक जण येऊन गेला. पिंपं ठेवायला जागा द्या, म्हणतो. भाडं चांगलं सांगतोय. पिंपात काय, विचारलं तर म्हणाला, कंपनीचं खराब झालेलं थिनर अन् थोडा गाळ, दुसरं काय नाही. देऊ का?"

आता मात्र कोणी हसले नाही. पहिला प्रश्न मानाचा होता, दुसरा घराचा होता. दोन्हींचे उत्तर मात्र एकाच ठिकाणी आहे. सरकार घातक कचरा कशाला म्हणते आणि त्याच्याबद्दल कायदा काय सांगतो, हे कळले की दोन्ही गाठी सुटतात. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे. थोडा रुक्ष आहे, पण नेटाने वाचावा.

कायदा आला कधी?

आपल्या राज्याने या बाबतीत तशी लवकर सुरुवात केली. महाराष्ट्राचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ चा. त्याखाली १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. देशाचा पाण्याचा कायदा त्यानंतर १९७४ साली आला. पण हे सारे पाण्यापुरते होते. पिंपात भरलेला, पोत्यात बांधलेला, खड्ड्यात पुरलेला विषारी कचरा कोणत्या कायद्यात बसतो, याला उत्तर नव्हते.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला वायू सुटला आणि हजारो माणसे गेली. त्यानंतर देश खडबडून जागा झाला. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि त्याच्या आधारे जुलै १९८९ मध्ये घातक कचऱ्याचे पहिले नियम निघाले. पुढे २००८ साली ते नव्याने लिहिले गेले आणि ४ एप्रिल २०१६ रोजी पुन्हा नव्याने आले. आज कारखान्यांना लागू आहेत ते हे २०१६ चे नियम, त्यात वेळोवेळी झालेल्या दुरुस्त्यांसह.

घातक कोणाला म्हणायचे?

आपण शेतकरी माणसे वास, रंग आणि चव यांवरून पारख करतो. कायद्याला तसे चालत नाही. एकाला घाण वाटते ते दुसऱ्याला खत वाटते. म्हणून नियमांनी तीन दरवाजे केले आहेत. कचरा यांपैकी कुठल्याही एका दरवाजातून आत आला की तो घातक.

पहिला दरवाजा यादीचा. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत ३८ प्रकारचे उद्योग व प्रक्रिया दिल्या आहेत आणि प्रत्येकीतून निघणारा कोणता कचरा घातक, ते नावानिशी लिहिले आहे. यंत्रांत वंगण म्हणून वापरून झालेले तेल त्यात स्पष्ट आहे. वापरून खराब झालेली द्रावके आहेत. घातक रसायनांची रिकामी पिंपे आहेत. कीटकनाशकांच्या उद्योगातली मुदत संपलेली औषधे आहेत. यादीत नाव असले की तपासणीची वाट पाहावी लागत नाही. सातबाऱ्यावर नाव असल्यासारखेच ते.

दुसरा दरवाजा प्रमाणाचा. यादीत नाव नसले तरी कचऱ्यात शिसे, पारा, आर्सेनिक, कॅडमियम असले पदार्थ ठरावीक प्रमाणाइतके किंवा त्याहून जास्त असतील तर तो घातक. त्याची परीक्षा मोठी शहाणपणाची आहे. कचरा नुसता जोखत नाहीत. आंबट केलेल्या पाण्यात तो साधारण १८ तास घोळवतात आणि पाण्यात किती विष उतरले ते मोजतात. जमिनीत पुरलेल्या कचऱ्यातून पावसाच्या पाण्याबरोबर काय झिरपेल, याचा हा अंदाज. लिटरभर पाण्यात ५ मिलिग्रॅम शिसे उतरले, की तो कचरा घातक. पाऱ्याला तर ०.२ मिलिग्रॅमच पुरे. इगतपुरी तालुक्यात पाऊस किती, हे सांगायला नको. ज्या मातीतून चार महिने पाणी झिरपत असते, तिथे या परीक्षेचे मोल जास्तच.

तिसरा दरवाजा गुणाचा. पेट घेणारे, कातडी व लोखंड खाणारे, स्फोट होणारे, दुसऱ्याशी मिसळून विषारी वायू सोडणारे ते घातक. इथेही आकडे आहेत. ६० अंशांच्या आतल्या उष्णतेला ज्याची वाफ ठिणगीने पेटते, तो द्रव ज्वालाग्राही. ज्याचा सामू २ किंवा त्याहून कमी, अथवा १२.५ किंवा त्याहून जास्त, तो दाहक. आपण माती परीक्षणात सामू पाहतो, तोच हा. थिनरचे पिंप पहिल्या दरवाजातून येते आणि या तिसऱ्यातूनही येते.

व्याख्येत आणखी एक वाक्य आहे, ते लक्षात ठेवण्यासारखे. कचरा "एकटा असताना किंवा दुसऱ्या पदार्थाच्या संपर्कात आल्यावर" धोका करीत असेल तरी तो घातक. हे वाक्य नुसते कागदावरचे नाही. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सुरतजवळ सचिनच्या औद्योगिक वसाहतीत एका टँकरने चोरून नाल्यात रसायन सोडले. ते नाल्यातल्या पाण्याशी मिसळले आणि विषारी वायू उठला. शेजारच्या कारखान्यातले सहा कामगार दगावले. त्यांचा त्या टँकरशी काही संबंध नव्हता. ते रसायन आपल्या महाराष्ट्रातून, तळोज्याकडून नेलेले होते, असे तपासात निघाले.

आपल्या कारखान्यात काय घातक, काय नाही

सभासदांच्या मनात एक गोंधळ असतो तो इथे दूर करू. बगॅस, प्रेसमड, मोलॅसिस हा घातक कचरा नव्हे. बगॅस बॉयलरला जाते, प्रेसमडचे खत होते, मोलॅसिस डिस्टिलरीला जाते.

स्पेंटवॉशचे काय? ते सांडपाणी आहे. सांडपाणी आणि धूर यांना पाण्याचा व हवेचा कायदा लागू असल्यामुळे घातक कचऱ्याचे नियम त्यांना लावलेले नाहीत. पण म्हणून स्पेंटवॉश निरुपद्रवी, असे कोणी समजू नये. ते ओढ्यात गेले तर पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे वर येतात. कायद्याची वही वेगळी, एवढाच त्याचा अर्थ.

मग घातक ते काय? मिल हाऊसच्या गिअरचे आणि टर्बाइनचे वापरलेले तेल. त्या तेलाने भिजलेल्या चिंध्या. रसायनांची रिकामी पिंपे. आणि एक गोष्ट अशी आहे की जी फार थोड्या सभासदांना ठाऊक असेल. आपल्या उसाच्या रसाचा पोल काढण्यापूर्वी रस स्वच्छ करावा लागतो. त्यासाठी साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे शिशाचे क्षार वापरले गेले. चिमूटभर पूड टाकायची, रस गाळायचा, नळीत भरून यंत्रात पाहायचा. गाळणीवर उरलेल्या चोथ्यात शिसे राहते. एका नमुन्याला चिमूटभरच, पण हंगामभर किती नमुने होतात! हा चोथा बेसिनमध्ये धुऊन टाकण्याचा नाही. तो वेगळ्या डब्यात साठवायचा आहे. आता शिसे नसलेल्या पुडीही मिळतात. आपल्या साखरेचा उतारा मोजताना विष कुठे जाते, हे विचारण्याचा सभासदाला पूर्ण हक्क आहे.

मग जळक्या ऑईलने काय बिघडते?

आमच्या ज्येष्ठ सभासदांचा हाच सवाल होता. "चाळीस वर्षं लावलं, कोण मेलं?"

नवे तेल आणि जळके तेल एक नव्हे. यंत्रात फिरताना तेलात धातूची झीज उतरते, जळून तयार झालेली काळी रसायने उतरतात. त्यांतली काही कर्करोग करणारी आहेत. खांबाला लावलेले तेल पावसाने धुपते आणि बांधावरून चारीत, चारीतून विहिरीत जाते. गोठ्याच्या खांबाला गाय अंग घासते, वासरू चाटते. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचे एक वाक्य नेहमी सांगितले जाते. एका मापाचे जळके तेल तशी दहा लाख मापे गोडे पाणी बिघडवू शकते. म्हणजे एक लिटर तेल, दहा लाख लिटर पाणी. नुकसान होते, पण ते लगेच दिसत नाही.

आपण ज्या मुलखात राहतो तो पाण्याच्या माथ्यावर बसलेला आहे. इथून वैतरणेचे पाणी मुंबईकडे जाते. दारणेचे पाणी नांदूर मधमेश्वरला गोदावरीच्या कालव्यांत पडते आणि कोपरगाव-राहात्याचे ऊस पिकवते. दारणा धरण १९१६ सालचे. शंभर वर्षांहून जास्त काळ खालच्या शेतकऱ्याने आपल्या भरवशावर पाणी घेतले आहे. उगमाला राहणाऱ्याची जबाबदारी थोडी जास्त असते.

तेलाचा पैसा मात्र बुडत नाही. जळके तेल शुद्ध करून पुन्हा वापरता येते. ते परवानाधारक पुनर्शुद्धीकरण करणाऱ्यालाच द्यायचे असते. १ एप्रिल २०२४ पासून तर तेल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवरच वापरलेल्या तेलाची विल्हेवाट लावून घेण्याची जबाबदारी टाकली आहे. कारखान्याच्या तेलाची विक्री झाली तर ती रक्कम कारखान्याच्या खाती जमा व्हायला हवी. डबा मिळाला नाही म्हणून रुसू नये. वार्षिक सभेत तेवढा हिशेब जरूर विचारावा.

सात रंगांची पावती

आपला ऊस फडातून निघतो तेव्हा चिठ्ठी होते, वजनकाट्यावर पावती होते, गव्हाणीपर्यंत नोंद होते. घातक कचऱ्याचेही अगदी तसेच आहे, फक्त पावत्या सात.

कारखान्याने प्रथम मंडळाचे अधिकारपत्र घ्यायचे. कचरा पक्क्या जागी, छपराखाली, पिवळ्या चिठ्ठीवर लाल अक्षरांत नाव लिहून ठेवायचा. तोही ९० दिवसांपेक्षा जास्त नाही. वर्षाला १० टनांपर्यंत कचरा करणाऱ्या लहान घटकाला १८० दिवसांची सवलत मिळते. रोजची नोंदवही ठेवायची आणि दर वर्षी ३० जूनच्या आत मंडळाला विवरण द्यायचे.

कचरा बाहेर काढताना सात प्रती होतात. पांढरी मंडळाला जाते. पिवळी वाहतूकदाराची सही घेऊन पाठवणारा ठेवतो. बाकीच्या गाडीबरोबर जातात. गुलाबी घेणाऱ्याकडे राहते, नारिंगी वाहतूकदाराला मिळते, हिरवी घेणारा मंडळाला पाठवतो. निळी फिरून पाठवणाऱ्याकडे येते, आणि राखी प्रत कचरा परराज्यातून आला असेल तर तिथल्या मंडळाकडे जाते. निळी प्रत परत आली नाही, तर समजावे की गाडी वाटेत कुठेतरी "रिकामी" झाली.

गाडीने जायचे कुठे? महाराष्ट्रात तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे अशा कचऱ्याची सामाईक केंद्रे आहेत. तिथे जाड अस्तर घातलेल्या खड्ड्यांत तो पुरतात किंवा भट्टीत जाळतात. त्याला पैसे पडतात. आणि पैसे पडतात म्हणूनच आडवाटेला टँकर रिकामा करणारा माणूस जन्माला येतो. २०१४ च्या नोव्हेंबरात उल्हासनगरला वालधुनी नदीत असेच रसायन सोडले गेले आणि शेकडो लोकांना श्वासाचा त्रास होऊन दवाखाने भरले.

नाव बदलून आलेला माल

कचरा आपले खरे नाव क्वचितच सांगतो. न्हावा-शेवा बंदरात १३३ कंटेनर येऊन पडले होते. कागदावर नाव वंगणाचे तेल. तपासले तेव्हा ते टाकाऊ तेल निघाले. पंधरा आयातदारांचा तो माल होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जानेवारी २००५ मध्ये न्यायालयाने ते तेल आयातदारांच्या खर्चाने भट्टीत जाळून टाकण्याचा आदेश दिला.

त्याहून आपल्या जवळची गोष्ट आहे ती आफ्रिकेतल्या नायजेरिया देशाची. तिथे कोको नावाच्या लहानशा बंदरगावात १९८८ साली इटलीहून आलेली हजारो पिंपे एका साध्या माणसाच्या आवारात सापडली. त्याने महिना सुमारे शंभर डॉलर भाड्याने जागा दिली होती. पिंपे फुगली, गळली. त्यांत विषारी कचरा होता. जगभर आरडाओरडा झाला आणि पुढच्याच वर्षी, मार्च १९८९ मध्ये, असा कचरा एका देशातून दुसऱ्या देशात ढकलण्यावर निर्बंध घालणारा बाझलचा करार झाला. भारतानेही तो १९९२ साली मान्य केला. एका माणसाच्या आवाराच्या भाड्यातून जगाच्या कराराला धक्का मिळाला, असे म्हटले तर चुकीचे नाही.

भातगिरणी भाड्याने द्यावी का?

आता आपल्या दुसऱ्या सभासदांकडे वळू. त्यांचे म्हणणे असे होते, "माल त्याचा, पिंपं त्याची. मी नुसता जागेचा मालक. माझ्यावर काय येणार?"

येते, आणि पहिल्यांदा त्यांच्यावरच येते. २०१६ च्या नियमांत जबाबदार माणसाची व्याख्या करताना फक्त कारखानदार म्हटलेले नाही. जागेवर ज्याचा ताबा आहे तो, आणि ज्याच्या ताब्यात तो कचरा आहे तोही त्यात धरला आहे. पर्यावरणाचे किंवा तिऱ्हाइताचे नुकसान झाले तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. पूर्वी पर्यावरण कायद्यात थेट कैदेची शिक्षा होती. १ एप्रिल २०२४ पासून ती बदलून दहा हजारांपासून पंधरा लाख रुपयांपर्यंत दंड केला आहे आणि दंड न भरल्यास कैद. जुलै २०२५ मध्ये दूषित झालेल्या जागांसाठीही वेगळे नियम आले. अशा संशयित जागा शोधून त्यांची यादी करण्याचे काम स्थानिक संस्था व जिल्हा प्रशासनाकडे दिले आहे. पिंपवाला रात्रीत निघून जाईल, त्याचा फोन लागणार नाही. भातगिरणी मात्र जागेवर राहील आणि सातबाऱ्यावर नाव आपले असेल.

शिवाय आगीचा प्रश्न आहेच. १ जानेवारी २०२३ ला मुंढेगावच्या कारखान्याला लागलेली आग घोटी परिसर विसरलेला नाही. तिथे निदान अग्निशमनाची साधने होती, रस्ता होता, नोंद होती. बंद भातगिरणीत थिनरची पिंपे पेटली तर आत काय जळते आहे, हे विझवायला आलेल्या जवानालाही कळणार नाही.

म्हणून आम्ही त्यांना एवढेच सांगितले : भाड्याचे बोलण्याआधी तीन कागद मागा. एक, प्रदूषण मंडळाचे त्या माणसाच्या नावाचे अधिकारपत्र, ज्यावर तुमची जागा लिहिलेली असेल. दोन, कचऱ्याचे नाव आणि कुठून निघाला ते दाखवणारी सात प्रतींतली प्रत. तीन, पुढे तो कोणत्या केंद्राला जाणार त्याचे पत्र. तीन्ही कागद असतील तर तो माणूस बंद भातगिरणी शोधत फिरणार नाही.

आपल्या बांधावरचे

जाता जाता आपल्या घरचेही थोडे पाहू. ट्रॅक्टरचे ऑईल बदलल्यावर ते बांधावर ओतू नये. कॅनमध्ये साठवून गॅरेजवाल्याकडे द्यावे आणि तो ते कोणाला देतो ते विचारावे. औषधाचे रिकामे डबे पाण्यासाठी, दाण्यासाठी वापरू नयेत. तीन वेळा विसळावे, ते पाणी फवारणीच्या पंपातच घालावे, आणि डब्याला भोके पाडून तो निकामी करावा. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही डबे उघड्यावर टाकू नयेत, ते फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, असे सांगितलेले आहे. ओढ्याकाठ मात्र त्यासाठी निवडू नये. घाटात, खदानीत, ओढ्यात रात्रीचा टँकर थांबलेला दिसला तर जवळ जाऊ नये. गाडीचा नंबर टिपावा आणि पोलिसांना व नाशिकच्या प्रदूषण मंडळाच्या कार्यालयाला कळवावे. सुरतचे सहा कामगार आठवावेत.

परवा पुन्हा घोटीला गेलो होतो. भातगिरणीवाले सभासद भेटले. म्हणाले, "तीन कागद मागितले. 'आणतो' म्हणून गेला, तो अजून जातोच आहे."

आणि आमचे ज्येष्ठ सभासद? त्यांनी गाडीच्या आसासाठी बाजारातून वंगणाचा डबा घेतला. पावती आम्हाला दाखवून म्हणाले, "हिचा रंग एकच आहे. चालेल ना?"

चालेल, नाना.